सोन्याच्या शिरेवरून सायकलने

कोलारच्या सुवर्णक्षेत्रातील हे गाव रुंदीचा सारा संकोच करून केवळ लांबीतच का वाढले असावे, याचा उलगडा नकाशा पाहून होत नाही. पण दक्षिणेस मारिकुप्पम येथे सायकलीवर टांग टाकून चॅम्पियन, ऊरगाम, कोरोमंडल ही रेल्वेची इवली स्टेशने एकामागून एक मागे टाकीत उत्तरेकडे निघालेल्या माणसास तो आपोआप होत जातो. भूगर्भातील सोन्याची शीर येथे दक्षिणोत्तर धावते. खाणींची तोंडे तिच्याच अनुरोधाने उघडली गेली आणि वस्त्या त्या तोंडांभोवती जमल्या. गावाची आखणी शिरेने केली, इंजिनियरांनी मागाहून तिच्यावर रस्ते काढले, एवढेच. ही आखणी मोटारीतून धावत जाणाऱ्यास दिसण्यापूर्वीच संपते आणि पायी हिंडणारा दुपारच्या आत थकतो. म्हणून मी सायकल पत्करली. ती आमच्या यजमानांची. खाणीच्या वीजखात्यात उमेदीची सारी वर्षे घालवलेल्या या वृद्ध गृहस्थांनी आपली जुनी काळी सायकल स्वाधीन करताना एवढेच बजावले, की ब्रेक मागचाच धरावा, पुढचा नावापुरता आहे.

शहाजीराजांच्या जहागिरीत कोलारचा मुलूख होता, हे मराठी वाचकास ठाऊक असते. परंतु येथील सोन्याची सरकारदरबारी रीतसर नोंद झाली ती त्यानंतर फार उशिरा, १८०२मध्ये, जेव्हा सरहद्दीच्या मोजणीवर असलेल्या लेफ्टनंट वॉरनने मारिकुप्पमच्या परिसरातील रयतेला मातीतून सोन्याचे कण धुऊन काढताना पाहिले. पुढे लॅव्हेल नामक एका निवृत्त शिपाईगड्याने म्हैसूर सरकारकडून खाणीचा परवाना मिळविला आणि १८८०मध्ये लंडनच्या जॉन टेलर कंपनीने येथे पाऊल टाकल्यावर ते पाऊणशे वर्षे न निघेल इतके खोल रोवले गेले. किती खोल, याची कल्पना शाफ्टवरचे गंजलेले लोखंडी मनोरे पाहून येत नाही. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरांहून अधिक खाली गेली होती. तेथला खडकच इतका तप्त, की वरून गार केलेली हवा सोडल्यावाचून माणूस तेथे उभा राहू शकत नसे. आणि दाबाने तडकलेला खडक बंदुकीच्या बारासारखा फुटून अंगावर येई.

मनोऱ्यांच्या जवळच चढावर, पाश्चात्य धाटणीची कौले आणि प्रशस्त व्हरांडे असलेले साहेबांचे बंगले आहेत. येथे येणारे पर्यटक या बंगल्यांची छायाचित्रे घेऊन 'छोट्या इंग्लंडा'विषयी गहिवरतात. मला हा गहिवर एका डोळ्याने पाहण्याचा प्रकार वाटतो. उतारावरून सायकल सोडून दिली की पायडल न मारता आपण ज्या वस्तीत येऊन थांबतो, ती मजुरांच्या 'लाइनी'ची वस्ती हेच खरे गाव. उत्तर अर्काटातून आलेले तमिळ मजूर आरंभी बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्यांत राहत. नंतर त्यांच्या जागी बुटक्या भिंतींच्या एकसारख्या खोल्यांच्या रांगा आल्या. एका खोलीच्या दारात एक बाई वाळवण राखीत बसली होती, शेजारच्या दारात शिलाईयंत्र चालले होते आणि दोघींच्या गप्पा मधल्या भिंतीला न जुमानता चालू होत्या. ही माणसे मुकाट्याने राबली असाही समज करून घेऊ नये; १९३०मध्ये बोटांचे ठसे घेऊन कामगारांची नोंद करण्याचा हुकूम निघाला, तेव्हा त्यांनी संप करून सारे खाणकाम ठप्प केले होते.

विजेचा मान या वस्तीला बंगळूरच्याही आधी मिळाला. शिवनसमुद्रच्या धबधब्यावर निर्माण झालेली वीज १९०२मध्ये सुमारे दीडशे किलोमीटर तारेने येथे आणली गेली, ती अर्थात खोल्यांतील दिवे लावण्याकरिता नव्हे, पंप आणि यंत्रे चालविण्याकरिता.

सर्वांत खोल खाणीत आमच्या मुंबईचेही काही गृहस्थ उतरले होते, हे मला येथे आल्यावर मोठ्या कौतुकाने सांगण्यात आले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपान व इंग्लंडमधील सहकाऱ्यांसह चॅम्पियन रीफमध्ये, भूपृष्ठाखाली सुमारे सव्वादोन किलोमीटरांवर उपकरणे मांडून १९६५मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची चाहूल घेतली. वरच्या अवाढव्य खडकाने इतर किरणांचा गोंगाट गाळून टाकावा, या हेतूने ही जागा निवडली होती. मजुरांना मारणारी खोली विज्ञानाला उपयोगी पडली, हे नमूद करताना मला पुरता अभिमान वाटेना.

कोरोमंडलच्या वाटेवर उजाड पांढुरक्या टेकड्या आडव्या येतात. त्या निसर्गाच्या नव्हेत. दगड पिठासारखा दळून, सायनाइडच्या द्रावात सोने विरघळवून घेतल्यावर उरलेला हा गाळ. तीन कोटी टनांहून अधिक. पावसाने त्यावर बोटभर रुंदीपासून माणूस मावेल इतक्या रुंदीपर्यंतच्या घळी पाडल्या आहेत. वरचा पापुद्रा टणक, पण टाच दाबताच खाली पिठीसाखरेसारखी भुकटी लागते. कडेकडेने वेडी बाभूळ तेवढी जगली आहे. वारा सुटला, की ही भुकटी खोल्यांत, अन्नात आणि छातीत जाते, अशी तक्रार मी जिथे थांबलो तिथे ऐकली. आरंभी टनामागे चाळीस ग्रॅमांहून अधिक सोने देणारा दगड अखेरअखेर तीन ग्रॅमांवर आला आणि २००१च्या फेब्रुवारीत खाणी बंद झाल्या. बाहेर उरला तो हा गाळ.

त्यानंतर येथली तरुण पिढी रोजगारासाठी बंगळूरला धावू लागली. सायंकाळी चॅम्पियन स्टेशनावर मी उभा असताना गाडी आली आणि क्षणार्धात कुंपणाला साखळदंडांनी बांधलेल्या सायकली व दुचाक्या सुटून रस्ताभर पसरल्या; पूर्वी पाळी सुटल्यावर लोक खाणीतून बाहेर येत, आता ते डब्यातून येतात. खाणकामगारांच्या थकबाकीचे आणि घराच्या मालकीचे दावे मात्र अद्याप कचेऱ्यांतून हिंडतच आहेत.

घरी परतल्यावर यजमानांपाशी गाळाचा विषय निघाला. त्या ढिगांतून पुन्हा सोने काढण्याच्या योजनेच्या बातम्या अधूनमधून येत असतात. टनामागे ग्रॅमभरही नाही, असा हिशेब त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला मांडला, तो अर्धाच सोडला आणि विचारले, "साखळीला तेल न घालताच ढिगाखालून आलात ना?" मी होय म्हणताच त्यांनी तेलाची बुधली व फडके काढले. दुसऱ्या दिवशी पालार नदीवरच्या बेतमंगलच्या तलावाकडे, जेथून या गावाला पाणी मिळत आले, तेथे जाण्याचा बेत होता. त्यावर त्यांचा निर्णय असा पडला, की वाट माळावरची आहे, तेव्हा वारा उठण्याच्या आत निघावे. आणि इडल्यांचा डबा सोबत घ्यावा, वाटेत काही मिळेल या भरवशावर राहू नये.