संवत 1932 ची वही

नगर जिल्ह्यातील बाजारपेठेच्या एका गावी कापडाचे दुकान असलेल्या ओसवाल कुटुंबात मूळपुरुषाची एकच कथा चार पिढ्या सांगितली जात होती. संवत 1956 च्या छप्पनिया दुष्काळात मारवाडातून एक तरुण लोटा-दोरी घेऊन निघाला, वाटेत मिळेल ते काम करीत दक्षिणेत आला आणि पाठीवर कापडाचे गाठोडे वाहता वाहता दुकानदार झाला. पर्युषणात मुले कंटाळली की आजी हीच कथा सांगत असे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बाबूजींच्या मनाने घेतले की धाकट्या नातवाच्या विवाहापूर्वी घराण्याची वंशावळ छापून घ्यावी. काम आले धाकट्या सुनेकडे. ती महाविद्यालयात मराठी शिकवीत असे आणि सुट्टीच्या वर्गात मोडीही शिकली होती.

आरंभ भाटाच्या पोथीपासून झाला. दर काही वर्षांनी राजस्थानातून येणारा, पाटावर बसून नावे वाचणारा आणि वस्त्र-दक्षिणा घेऊन नव्या जन्मांची नोंद करणारा हा भाट आजही पुष्कळ घरांच्या परिचयाचा आहे. त्याने चौदा पिढ्या वाचल्या आणि वंश थेट ओसियाला नेऊन पोहोचविला. ओसवालांची उत्पत्ती वीरनिर्वाणानंतर सत्तर वर्षांनी रत्नप्रभसूरींच्या उपदेशाने झाली, अशी परंपरा आहे. ओसियाच्या महावीर मंदिरातील संवत 1013 चा लेख मात्र ते मंदिर प्रतिहार राजा वत्सराजाच्या काळातले, म्हणजे इसवी सनाच्या आठव्या शतकातले असल्याचे सांगतो. परंपरा आणि पाषाण यांच्यामधले हे अंतर सुनेने वहीत नोंदविले. त्यावर वाद घालण्याच्या फंदात ती पडली नाही. तिला खटकले ते वेगळेच. चौदा पिढ्यांत पुरुषांची नावे ओळीने होती. स्त्रिया बहुधा केवळ माहेरच्या गोत्राने ओळखल्या जात होत्या आणि मुली तर क्वचितच दिसत.

म्हणूनच 1918 साली प्रसिद्ध झालेला पूरणचंद नाहर यांच्या ‘जैन लेख संग्रहा’चा पहिला खंड हाती आल्यावर तिला नवल वाटले. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील धातुप्रतिमांच्या पाठीवर दाटीने कोरलेल्या त्या लेखांत संवत, तिथी, ज्ञाती आणि गोत्र येते. मग ‘सा.’ म्हणजे साहचे नाव, लगेच ‘भा.’ म्हणजे भार्येचे आणि ‘पु.’ म्हणजे पुत्रांचे. कुणाच्या श्रेयासाठी बिंब भरविले आणि कोणत्या गच्छाच्या सूरींनी प्रतिष्ठा केली, हेही तेथे असते. वितभर पितळेवर अख्खे कुटुंब नांदते आणि गृहिणी तेथे नावानिशी उभी असते. आपल्या मंदिरांत रोज प्रक्षाल करणाऱ्या किती जणांनी प्रतिमेची पाठ वाचली असेल, कोण जाणे! या घराण्याच्या गोत्राचे काही लेख मिळाले, पण ते आपल्याच शाखेचे म्हणण्याइतका धागा जुळेना. सुनेने ते वंशावळीत जोडले नाहीत. भाट थोडा नाराज झाला.

दरम्यान जालना आणि चेन्नई येथील चुलतघरांनीही माळ्यावरच्या पेट्या उघडल्या आणि वह्यांच्या पानांची छायाचित्रे पाठविण्यास आरंभ केला. या वह्या महाजनी लिपीत होत्या. मात्रा-वेलांटीला फाटा देणाऱ्या या लिपीत ‘काकाजी अजमेर गये’ हे पत्र घरच्यांनी ‘काकाजी आज मर गये’ असे वाचले आणि रडारड झाली, ही गोष्ट व्यापारी घरांत कुणाला ठाऊक नाही? एकाने वाचलेले नाव दुसऱ्याला पटत नसे. शेवटी जालन्याच्या नव्वदीतल्या मुनीमजींनी दोन महिने फोनवरून सर्वांना लिपी शिकविली.

नगरच्या घरातील सर्वांत जुनी वही उघडली, तेव्हा पहिल्या पानावर गौतमस्वामींच्या लब्धीची आणि शालिभद्राच्या ऋद्धीची नेहमीची प्रार्थना होती. खाली मिती होती, जेठ सुद 2, संवत 1932. आणि त्याखाली एक ओळ: ‘जूनी बही रही कोनी, याद सूं मांडी.’ जुनी वही उरली नाही, आठवणीवरून मांडली.

छप्पनियाच्या चोवीस वर्षे आधी हे घर येथे होते, आणि तेव्हाही त्याची ‘जुनी’ वही होती.

चेन्नईच्या पुतण्याने संवतातून 56 वजा करून 1876 साल काढले. सुनेने त्याला थांबविले. गुजरातेत संवत कार्तिकात बदलते, मारवाडात चैत्रात. वही मारवाडी रीतीची असल्यामुळे जेठात 57 वजा करावयास हवेत. मिती पडली जून 1875 च्या आरंभीची. त्याआधी महिनाही झाला नव्हता, 12 मे 1875 रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या दिवसांत चढलेला कापसाचा भाव कोसळला होता, सारा वाढला होता आणि कर्ज फिटत नव्हते. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. जमावाला हवे होते ते मुख्यतः रोखे आणि वह्या. त्या हाती लागल्या की चौकात जाळल्या जात.

बाबूजी दोन दिवस कुणाशी फारसे बोलले नाहीत. गाठोडे वाहणारा पूर्वज सांगणे आणि वही जाळली गेलेला सावकार सांगणे यांत फरक आहे. चेन्नईहून सूचना आली की हे पान वगळावे. लग्नात वाटायच्या पुस्तिकेत दंग्याचे काय काम? जालन्याच्या वहीने आणखी एक गाठ सोडविली. संवत 1957 मध्ये ‘खोळे घेतल्याचा गूळ’ असा खर्च नगरच्या घराच्या नावे पडला होता. छप्पनियात आलेला तो तरुण खरा होता, पण तो मूळपुरुष नव्हता. निपुत्रिक सावकाराने त्याला दत्तक घेतले होते. आजीची कथा खोटी नव्हती, अर्धी होती.

वहीखाली पेटीच्या तळाशी मोडीतील काही रोखे निघाले. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्यानंतर गावच्या निबंधकासमोर लिहिलेले. त्यांपैकी एकावर कर्जदाराचे नाव, ‘बिन’ म्हणून वडिलांचे नाव, जात, गाव आणि सहीच्या जागी नांगराचे लहानसे चित्र. गाव दुकानापासून दोन कोसांवरचे आणि आडनाव बाबूजींच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाइकाचे, नानांचे.

सुनेला वाटले, बाबूजी हा कागद परत ठेवायला सांगतील. त्यांनी तो प्लास्टिकच्या पाकिटात घालून घेतला आणि सोमवारी, बाजारच्या दिवशी, नाना गादीवर टेकले तेव्हा पुढे केला.

“नाना, तुमच्या घरातलेच आहेत का हे बघा. आमच्याकडचे कर्ज आहे. व्याज कमी नव्हते.”

नानांना मोडी येत नव्हती. सुनेने वाचून दाखविले. व्याजाचा आकडा आला तेव्हा ते काही बोलले नाहीत. नावाशी मात्र त्यांनी तिला थांबविले आणि पुन्हा वाचावयास सांगितले.

“हे आमच्या आज्याचे आजे असतील. नातू कुणबी नोंदीसाठी वर्षभर कचेऱ्या धुंडाळतोय, शेठ. आणि ह्यांच्या बापाचं नाव तर आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.” नांगराच्या चित्रावरून त्यांनी बोट फिरविले. “हे त्यांनी स्वतः काढलं असेल?”

“तशी रीत होती,” सून म्हणाली.

बाबूजींनी दुकानातल्या मुलाला हाक मारली आणि समोरून कागदाच्या दोन झेरॉक्स काढून आणावयास सांगितले. एक नानांसाठी, एक छापखान्यासाठी.