लांकडी उंदराचें दर्शन

परदेशगमनाचा योग आमच्या पत्रिकेंत नाहीं, असें एका जोशीबुवांनीं माझ्या लहानपणींच वडिलांस सांगून ठेविलें होतें. पुढें चौतीस वर्षें खेड्यांतील शाळेंत संस्कृत व मराठी शिकविण्यांत गेलीं. त्यामुळें तें भाकित पडताळून पाहण्याचा प्रसंगच आला नाहीं. परंतु चिरंजीव नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियांत जाऊन राहिले, आणि गेल्या उन्हाळ्यांत सौभाग्यवतीसह तीन महिने त्यांच्या बिऱ्हाडीं काढण्याचा योग आला. तिकडील रुंद रस्ते व उंच पूल यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. त्यांत मी भर घालीत नाहीं. मला लिहावयाचें आहे तें तळहातावर मावेल एवढ्या एका लांकडी वस्तूविषयीं. तिनें मला सहासष्टाव्या वर्षीं एक धडा शिकविला, आणि त्याबरोबर माझा एक जुना अपराधही माझ्यापुढें आणून ठेविला.

आधीं थोडी घरची हकीकत सांगितली पाहिजे. आमच्या वडिलांनीं आम्हां भावंडांस संस्कृत शिकवितांना धातु, त्यांचे अर्थ आणि घरगुती उदाहरणें यांचा एक संग्रह केला होता. चार जाड वह्या भरल्या होत्या. आतां शाई विटली आहे, पानांच्या कडा झडूं लागल्या आहेत. सगळा संग्रह नीट उतरून काढून घरांतील प्रत्येक बिऱ्हाडास एकेक प्रत द्यावी, हें काम वडील बंधु अण्णा यांनीं माझ्यावर सोंपविलें. कारण त्यांची दृष्टि मंद झाली आहे. मीं तें आनंदानें पत्करलें. पण दोन वर्षांपूर्वीं माझा उजवा हात कांपूं लागला. ज्या हातानें फळ्यावर आयुष्यभर अक्षरें काढलीं, त्याला स्वतःची सही धड करतां येईना.

"बाबा, संगणकावर लिहा," असें चिरंजीवांनीं सुचविलें. कळफलकावर एकेक अक्षर दाबणें हळू हळू जमूं लागलें. पण त्याच्या शेजारीं जो माऊस म्हणून ठेवलेला असतो, त्यानें माझें कांहीं चालूं दिलें नाहीं. बाण योग्य जागीं न्यावा आणि कळ दाबावी, तों हात हाले आणि बाण भलतीकडे पळे. एके दिवशीं संध्याकाळीं हाताच्या एका हिसक्यासरशी आठ पानें निवडलीं गेलीं आणि पुढची कळ दाबतांच नाहींशीं झालीं. सूनबाईनें तीं क्षणांत परत आणून दिलीं. परंतु माझा धीर खचला तो खचलाच. "दोष यंत्राचा नाहीं, हाताचा आहे," असें म्हणून मी उठलों. तिनें वाद घातला नाहीं. पुढच्या शनिवारीं ती मला म्हणाली, "बाबा, आज आपल्याला एक संग्रहालय पाहावयाचें आहे."

चिरंजीवांचें बिऱ्हाड सनीव्हेल या गांवीं. तेथून माउंटन व्ह्यू अगदीं जवळ. या सान्ता क्लारा खोऱ्यांत पूर्वीं जर्दाळू व आलुबुखार यांच्या बागा पसरल्या होत्या. फुलांच्या बहरामुळें लोक त्याला हृदयास आनंद देणारें खोरें म्हणत. आज झाडें तुरळक राहिलीं आहेत, आणि १९७१ पासून सिलिकॉनचें खोरें हें नांव रूढ झालें आहे. पश्चिमेस गर्द डोंगर, पूर्वेस उन्हाळ्यांत गवत वाळून सोनेरी दिसणाऱ्या उघड्या टेंकड्या, आणि मध्यें ही वस्ती. त्या टेंकड्या पाहून मला आपल्याकडील मार्गशीर्षांतील माळरानाची आठवण झाली.

संगणकाच्या इतिहासाचें हें संग्रहालय शोरलाइन नांवाच्या रस्त्यावर आहे. गणनेच्या दोन हजार वर्षांचा इतिहास असा मोठा विषय त्यांनीं मांडला आहे. मण्यांच्या चौकटीपासून प्रारंभ होतो. पुढें हर्मन होलेरिथ याचें यंत्र लागतें. १८९० सालच्या अमेरिकन शिरगणतीचे आंकडे भोंकें पाडलेल्या जाड कागदी पत्त्यांवरून त्यानें मोजले. पुढें संगणकांनाही माणसाचें म्हणणें कित्येक वर्षें अशा पत्त्यांच्या द्वारेंच कळविलें जात असे. गठ्ठा यंत्राच्या खोलींत नेऊन द्यावयाचा आणि उत्तराची वाट पाहावयाची. यंत्राची भाषा माणसानें शिकावी, यंत्रानें माणसाचा हात ओळखूं नये, असा तो व्यवहार होता.

मग आम्ही त्या वस्तूसमोर आलों. कांचेच्या आंत तपकिरी लांकडाचा एक ठोकळा, वर एकच कळ, आणि शेंपटीसारखी एक तार. ही जगांतील पहिल्या माऊसची प्रतिकृति. मूळ वस्तु १९६४ सालीं डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनीं तयार केली. खालीं दोन लहान चाकें, एकमेकांशीं काटकोन करणारीं. हात पुढें गेला कीं एक चाक फिरतें व दुसरें नुसतें घसरतें. हात आडवा गेला कीं उलट. तिरकस गेला तर दोन्ही आपापल्या मानानें फिरतात. नकाशावरील आकृतीचें क्षेत्रफळ मोजणाऱ्या एका जुन्या उपकरणांतील चाकावरून एंगेलबार्ट यांना ही युक्ति सुचली. उंदीर हें नांव कोणीं ठेविलें, हें त्यांच्यापैकीं कोणालाच पुढें आठवेना. आम्हांला मात्र नवल वाटलें नाहीं. महाभारताच्या लेखनिकाचें वाहन लेखनाच्या कामीं यावें, हें यथायोग्यच झालें!

एंगेलबार्ट यांचा जन्म १९२५ सालीं ऑरेगॉन प्रांतांतील पोर्टलंड येथें झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नौदलांत रडारचे कारागीर म्हणून ते फिलिपाईन्स बेटांत होते. पुढें नोकरी लागली, विवाह ठरला, आणि आतां आयुष्यांत कांहीं ध्येय उरलें नाहीं, असा विचार पंचविशींत त्यांच्या मनांत आला. माणसापुढील प्रश्न त्याच्या बुद्धीपेक्षां वेगानें वाढत आहेत, तेव्हां बुद्धीला साहाय्य करणारीं साधनें घडवावीं, असें त्यांनीं ठरविलें. रडारच्या पडद्यावर ठिपके दिसतात, तशीं संगणकाच्या पडद्यावर अक्षरें कां दिसूं नयेत, आणि माणसानें त्यांना बोटानें दाखवावें तसें कां दाखवूं नये, हा त्यांचा प्रश्न. त्या काळीं पुष्कळांस तो वेडगळ वाटला.

पुढें दोन दिवसांनीं आगगाडीनें मेन्लो पार्क येथें जाऊन मीं त्यांची कर्मभूमि बाहेरून पाहिली. तिचें तेव्हांचें नांव स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट. ओक वृक्षांच्या सावलींतील बसकीं घरें, इतकेंच तेथें दिसतें. तीर्थक्षेत्राचा देखावा कांहीं नाहीं. पण येथें जें घडलें, तें सूनबाईनें मला गाडींत समजावून सांगितलें होतें, आणि माझ्या मनाला तेंच अधिक लागलें.

माऊस बनवून एंगेलबार्ट यांनीं "हेंच उत्तम" असें जाहीर केलें नाहीं. पडद्यावरील अक्षर दाखविण्याचीं निरनिराळीं साधनें त्यांनीं एका टेबलाशीं मांडलीं. पडद्याला टेंकवावयाची प्रकाशलेखणी होती, उभा दांडा होता, टेबलाखालीं गुडघ्यानें हालवावयाचें एक साधनही होतें. मग माणसें बसवून प्रत्येकाला किती वेळ लागतो, किती चुका होतात, हें मोजलें. त्याचा वृत्तांत १९६७ सालीं प्रसिद्ध झाला. सराव झालेल्या माणसांच्या हातीं माऊस सरस ठरला. नवशिक्यांच्या बाबतींत गुडघ्याचें साधनही मागें पडलें नाहीं. चूक झाली तर ती मोजणाऱ्यांनीं साधनाच्या खात्यावर लिहिली, माणसाच्या नव्हे. हें ऐकतांना माझी मान खालीं गेली. कारण चौतीस वर्षें मीं याच्या नेमकें उलट केलें होतें.

पंचवीस वर्षांपूर्वीं पांचवीच्या वर्गांत एक डावखुरा मुलगा होता. चित्रें फार सुबक काढी. पण लिहितांना डाव्या हातानें पुढें सरकत जाई, शाई पुसली जाई, आणि वही बरबटे. मीं त्याला उजव्या हातानें लिहिण्याची सक्ति केली. डाव्या हातांत पेन दिसलें कीं पट्टी बसे. वर्षाअखेर तो उजव्या हातानें लिहूं लागला, आणि मीं तें माझें यश मानलें. पण त्याचें लिहिणें इतकें मंदावलें कीं उत्तरपत्रिका अर्ध्या कोऱ्या राहूं लागल्या. आठवींतून त्यानें शाळा सोडली. दोष हाताचा, असेंच मी त्याच्या वडिलांस म्हणालों होतों. आतां हेंच वाक्य मीं स्वतःच्या हाताविषयीं उच्चारलें होतें.

एंगेलबार्ट यांची पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें सुमारें हजार तज्ज्ञांपुढें त्यांनीं नव्वद मिनिटें आपली सर्व रचना दाखविली. उजव्या हातांत माऊस, मध्यें कळफलक, आणि डाव्या हाताखालीं पांच कळांचें एक लहान वाद्यासारखें साधन. डाव्या हातालाही त्यांनीं काम दिलें होतें, हें मीं विसरलों नाहीं. १७ नोव्हेंबर १९७० रोजीं माऊसचें पेटंट मिळालें, पण तें संस्थेच्या मालकीचें. त्याचें स्वामित्वशुल्क एंगेलबार्ट यांना मिळालें नाहीं. १९९७ सालीं ट्यूरिंग पारितोषिक मिळालें, आणि २ जुलै २०१३ रोजीं ते वारले.

माऊस सामान्य माणसाच्या घरीं पोंचला तो आणखी कांहींजणांच्या खटपटीनें. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेंत चाकांच्या जागीं गोळी आली, पण त्या माऊसची किंमत शेंकडों डॉलर होती, आणि धूळ शिरली कीं तो अडे. १९८० सालीं अॅपलसाठीं स्वस्त माऊस बनविण्याचें काम डीन होव्ही व त्यांचे सोबती यांनीं घेतलें. कांखेंत फिरवावयाच्या सुगंधी औषधाच्या कुपींतील गोळी आणि लोणी ठेवावयाच्या भांड्याचें झांकण, अशा घरगुती वस्तूंवर त्यांचे पहिले प्रयोग झाले. शोध नेहमीं मोठ्या प्रयोगशाळेंतच लागतात असें नाहीं, हें आमच्या घरांतील मुलांनीं लक्षांत ठेवावें.

संग्रहालयांतून परतल्यावर सूनबाईनें माझ्यापुढें एक निराळेंच साधन ठेविलें. त्याला ट्रॅकबॉल म्हणतात. तें जागेवरून हालत नाहीं. वर लिंबाएवढी गोळी बसविलेली असते आणि ती बोटांनीं फिरवावयाची. बाण जागीं पोंचला कीं बोटें उचलावीं. मग हात कांपला तरी बाण हालत नाहीं. कल्पना माऊसपेक्षांही जुनी. १९५२ च्या सुमारास कॅनडाच्या नौदलासाठीं बनविलेल्या अशा यंत्रांत खेळावयाचा बोलिंगचा चेंडूच बसविला होता. मीं उजवा हात पुढें केला, तेव्हां सूनबाई म्हणाली, "बाबा, डावा का नाहीं? तो कांपत नाहीं ना?" मीं डावा हात ठेविला. पहिल्या दिवशीं त्रास झाला. आठवड्यानें बाण माझें ऐकूं लागला.

कळफलकाचीही एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. चिरंजीवांनीं मला इन्स्क्रिप्ट नांवाची अक्षररचना लावून दिली. ती १९८० च्या दशकांत आपल्या सरकारनें ठरविली व १९९१ सालीं भारतीय मानकांत घेतली. तिच्यांत स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनें उजव्या हाताला आहेत. ज्या कळेवर क, तिच्यावरच ख. ज्या कळेवर ग, तिच्यावरच घ. अल्पप्राण आणि महाप्राण एकाच घरांत! इंग्रजी कळांची मांडणी मला कधींच पाठ झाली नाहीं. ही मात्र दोन दिवसांत झाली, कारण ती आमच्या वर्णमालेला ओळखून केलेली आहे.

परत आल्यावर दुसऱ्या आठवड्यांत मी त्या विद्यार्थ्याकडे गेलों. तालुक्याच्या गांवीं त्याचें पत्र्याच्या कामाचें दुकान आहे. "या गुरुजी, बसा," म्हणून त्यानें स्टूल पुसून दिलें. मीं जें बोलावयाचें ठरविलें होतें, तें अडखळत बोललों. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानें पत्रा कापावयाची कात्री उचलून माझ्यापुढें धरली. "गुरुजी, कात्री उजव्या हातासाठीच करतात. डाव्यानं धरली, तर पातीं उघडतात आणि पत्रा मुडपतो. ही मीं लोहाराकडून पातीं उलटी बसवून करून घेतली. आतां दोन डावखुरी पोरं कामाला आहेत, त्यांनाही करून दिल्यात." त्यानें क्षमा केली असें तो म्हणाला नाहीं, आणि मींही पुन्हां विचारलें नाहीं. चहा घेऊन उठलों.

वाचकहो, प्रत्येक घरांत कोणा आजोबांचा हात कांपत असेल, कोणा आजीला पडद्यावरील बारीक अक्षर दिसत नसेल, कोणी मूल डाव्या हातानें लिहीत असेल. "तुम्हांला जमत नाहीं" असें म्हणण्यापूर्वीं साधन एकदां बदलून पाहावें, एवढीच विनंति आहे.

वडिलांच्या चार वह्यांपैकीं दोन उतरून झाल्या आहेत. तिसरी चालू आहे.