पाण्याची रेघ

एकाच संहितेची दोन वाचने संभवतात, हे वर्गात शिकवणे सोपे असते. वाचनाच्या शेवटी रुपयांचा आकडा आला की ती तटस्थता टिकत नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले आणि आमच्या वडिलोपार्जित घराच्या भिंतींवर चार फुटांवर गाळाची रेघ उमटवून गेले. विमा कंपनीच्या सर्वेक्षकांनी ती रेघ प्रमाण मानून तेथवरचाच गिलावा धरला. आमच्या गवंड्याचे म्हणणे निराळे: चिरा पाणी पितो, ओल रेघेच्या वर चढते, सात फूट सोलल्यावाचून नवा गिलावा टिकणार नाही. त्याचे अंदाजपत्रक ४ लाख ८६ हजारांचे. सर्वेक्षकांचे १ लाख ९२ हजारांचे.

या तफावतीत लबाडी शोधण्याचा मोह आम्ही आवरला (घरातील सर्वांना तो आवरला असे नाही). दोन्ही कागद शेजारी ठेवून बाबवार वाचले, तेव्हा भांडण तीनच जागी असल्याचे दिसले. दराचे लवकर मिटले; सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची दोघांनाही मान्य झाली. घसाऱ्यापुढे मात्र हात टेकले. पॉलिसी बाजारमूल्याची होती, आणि साठ वर्षांच्या सागवानी दाराला त्या हिशेबात म्हातारपण तेवढे असते.

उरली ओलीची उंची. सर्वेक्षकाचा अहवाल म्हणजे ब्रह्मवाक्य, ही समजूत फार पसरली आहे. वस्तुतः तो अहवाल दाव्याचा आधार ठरू शकतो, पण कंपनीवर वा विमाधारकावर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एका ट्रकच्या दाव्यात सांगितले आहे. आम्ही अहवालाची प्रत मागितली, स्थापत्य अभियंत्याकडून भिंतीभिंतीची ओल मोजून घेतली आणि संयुक्त पाहणीसाठी लेखी अर्ज केला. पुढे विमा लोकपाल होतेच. तेथे शुल्क नाही, वकीलही चालत नाही. परंतु पॉलिसी आत्याच्या नावे, ती गुडघे धरून वरच्या मजल्यावर चढउतार करीत होती, आणि भिंती पुढच्या पावसाआधी व्हायला हव्या होत्या.

पाहणीच्या दिवशी सर्वेक्षकांनी स्वतः हातोडीने ठोकून पाहिले. पाच फुटांवर गिलावा पोकळ वाजला, साडेपाचांवरही. सहा फूट त्यांनी मान्य केले, आणि रक्कम २ लाख ७१ हजारांवर गेली.

सोबत आलेल्या पावतीवर 'पूर्ण व अंतिम' असे शब्द होते. आत्याने विचारले, भिंत अजून ओली आहे, मग अंतिम काय झाले? आम्ही तिला दाराचा हिशेब पुन्हा एकदा समजावून सांगितला. दोन दिवस तिने पावती देव्हाऱ्यापाशी ठेवली आणि तिसऱ्या दिवशी सही केली.