आधी उतार, मग चढ

मित्रांनो, तुम्ही एखादा तरी गड चढला असालच! गडावर आधी चढण, मग उतरण. पाय बोलायला लागले की अर्ध्या वाटेवरून परत फिरता येतं. पण दरीत सगळं उलटं असतं बरं का! तिथे आधी मजेत उतरायचं आणि दमल्यावर चढायचं.

हे मला शिकवलं अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनने. कोलोरॅडो नदीने कोरलेली ही दरी आम्ही उतरलो तिथे जवळजवळ दीड किलोमीटर खोल आहे. २०१२ च्या ऑक्टोबरात मी आणि आठवीतला माझा भाचा तिथे गेलो. तीन दिवस, दोन मुक्काम, तंबू पाठीवर.

पहिल्या दिवशी साउथ कायबॅब वाटेने ११ किलोमीटर उतरलो. वाटेत पाणी नाही, म्हणून तेही पाठीवरच. काठावरचा खडक सुमारे २७ कोटी वर्षांचा, तर तळाचा सुमारे १७० कोटी वर्षांचा! भाचा तर उड्या मारतच उतरला.

दुसऱ्या दिवशी ब्राइट एंजल वाटेने चढण लागली. तळाशी ऊनही कडक. "मामा, जरा बसू या ना," भाचा म्हणाला. मी पडलो सह्याद्रीत हिंडलेला! म्हटलं, "एवढ्यात दमलास? पुढच्या वळणावर थांबू." अशी तीन वळणं गेली. चौथ्यावर तो मटकन खालीच बसला. चेहरा पांढराफटक, पोटात मळमळ.

मग कळलं, सकाळपासून तो नुसतं पाणीच पीत होता, खाल्लं काहीच नव्हतं. घामाबरोबर अंगातलं मीठ जातं. ते भरून न काढता पाणीच पीत राहिलं, तर तब्येत आणखी बिघडते. मी त्याला कपारीच्या सावलीत बसवलं, टोपी ओली करून डोक्यावर ठेवली आणि एकेक खारा शेंगदाणा भरवला. तासभर माझ्या जिवात जीव नव्हता.

त्याला जरा हुशारी आल्यावर मी म्हटलं, "अरे, आधी सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं, मामा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री अर्ध्या वाटेवरच्या इंडियन गार्डनला मुक्काम केला. (२०२२ पासून त्याचं नाव हावासुपाई गार्डन्स आहे.) तिसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. भाचा पुढे, मी मागे. कुठे थांबायचं, ते तो ठरवणार! दुपारी काठावर पोचलो.

तेव्हा मित्रांनो, दमलात तर सांगायला लाजू नका. आणि आई-बाबांनो, मामा-काकांनो, पहिल्याच वळणावर ऐका हं!