माशाला टार्गेट ठाऊक नसतं

पुण्यात सुट्टी रविवारी, आमच्याकडे गुरुवारी. भोसरी, पिंपरी, चाकण या पट्ट्यात विजेचा भार विभागण्यासाठी कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी ठेवली गेली आणि ती तशीच अंगवळणी पडली. गळ टाकणाऱ्यांची त्यामुळे चंगळ आहे. पवना धरणाच्या काठावर रविवारी जी जत्रा भरते, तिचा गुरुवारी मागमूस नसतो. अडचण येते शुक्रवारी. फर्स्ट शिफ्टच्या चहाला कोणीतरी विचारतंच, “काय मग, किती किलो?”

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. आकड्यांशी माझं वैर नाही, माझं घरच आकड्यांवर चालतं. तरी हा प्रश्न मला खटकायचा. का खटकतो, त्याचं उत्तर सापडलं ते गेज रूममध्ये.

आमच्याकडे नग तपासण्याआधी गेज तपासतात. दहा नग घ्यायचे, तीन इन्स्पेक्टर बसवायचे, प्रत्येकाने तेच नग पुन्हा पुन्हा मोजायचे. एकाच माणसाला एकाच नगाचं माप दर वेळी वेगळं मिळालं तर दोष नगाचा नाही, मोजण्याचा. या तपासणीला गेज आर अँड आर म्हणतात. एकूण फरकात मोजण्याचा वाटा १० टक्क्यांच्या आत असेल तर गेज चांगलं, ३० टक्क्यांच्या वर गेला तर गेज बाद. आता हीच तपासणी गळाला लावून बघा. तोच माणूस, तीच जागा, तोच चारा, तीच काठी. एका गुरुवारी हात दुखेपर्यंत मासा लागतो, पुढच्या गुरुवारी फ्लोट हलतसुद्धा नाही. मधल्या आठवड्यात माणूस तर बदललेला नसतो. म्हणजे ‘किती किलो’ हे माप गळ टाकणाऱ्याचं कसब मोजायला बाद आहे. ज्या गेजवर मी एक बोल्ट पास करणार नाही, त्यावर स्वतःला रिजेक्ट का करून घ्यायचं?

बदलतं ते पाणी आणि त्यातला मासा. आपल्या धरणांत गळाला लागणारे बहुतेक मोठे मासे तर मुळात पाहुणे. रोहू, कटला, मृगळ हे गंगेकडचे. ते वाहत्या, पूर आलेल्या पाण्यातच अंडी घालतात, म्हणून त्यांचं बीज एके काळी नद्यांतून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी ओडिशात पियूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवून आणलं. तिथून पुढे बीज केंद्रांत तयार होऊ लागलं आणि धरणांत सोडलं जाऊ लागलं. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, त्याहून लांबचा. तो १९३९ मध्ये श्रीलंकेतून उटीला आला, आणि त्याची दुसरी जात १९५७ मध्ये बँकॉकहून. आपले अस्सल घरचे म्हणजे खडस, कोळस यांच्यासारखे. कर्नल सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची जी नोंद छापली, तिच्यात हे दोघे आहेत, आणि खडस त्याला मिळाला होता तो पुण्याजवळच्या मुळा-मुठेत.

या पाहुण्यांचे स्वभाव वेगवेगळे. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. म्हणून तर तिघांना एकत्र सोडतात, कोणी कोणाच्या ताटात हात घालत नाही. सायप्रिनस तोंड नळीसारखं पुढे काढून गाळ ओढतो, चव घेतो, नको ते थुंकून टाकतो. त्याच्या तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात, अंधारात अन्न शोधायला. या कुळातल्या माशांना जठर नसतं आणि जबड्यात दात नसतात, दात असतात घशात. जठर नाही म्हणजे साठवण नाही. थोडं थोडं, दिवसभर खायचं, आणि पाणी गार पडलं की खाणंच कमी करायचं. डिसेंबरात पहाटे स्वेटर घालून काठावर बसणाऱ्याला सकाळी अकराशिवाय ओढ मिळत नाही, ती यामुळे. रात्रभर पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू वापरतात, त्यामुळे शेवाळ-गवत दाटलेल्या पाण्यात पहाटे तो सगळ्यांत कमी असतो. त्यात ढगाळ हवा, धरणातून सोडलेलं पाणी, वरच्या ओढ्यातून आलेला गढूळ लोंढा. यातलं नेमकं कोणतं कारण आजच्या रिकाम्या हाताला जबाबदार, हे काठावरून कळायला मार्ग नाही.

कारखान्यात कारण शोधायचं म्हटलं की आम्ही फळ्यावर माशाचा सापळा काढतो. जपानच्या काओरू इशिकावा यांची ही आकृती फिशबोन नावाने आमच्या प्रत्येक मीटिंगमध्ये हजर असते. डोक्याकडे बिघाड लिहायचा आणि काट्यांवर कारणं: माणूस, मशीन, मटेरियल, पद्धत, मोजणी, वातावरण. मासा न मिळालेल्या दिवसाचा सापळा काढला तर पाच काटे जवळपास रिकामे राहतात आणि सहावा फळ्याबाहेर जातो. तरी माणूस हट्टाने पहिल्या काट्यावर स्वतःचं नाव लिहितो. दडपण तिथून सुरू होतं. आणि मग खरोखरच हात बिघडतो. दर पाच मिनिटांनी गळ वर काढून पाहायचा, जागा बदलायची, फ्लोट जरा डुलला की झटका मारायचा. या माशांच्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना ऐकू छान येतं. काठावरची धावपळ त्यांना पोहोचते. घाईचा तोटा असा अगदी हिशोबी आहे.

मग मोजायचं काय? मोजण्यासारखं भरपूर आहे, फक्त ते काठाच्या अलीकडे आहे. मी चाऱ्याला शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा आणि चिकटपणापुरती कणीक घेतो, वर भाजलेल्या मेथीदाण्यांची किंवा बडीशेपेची पूड. या गोळ्याची परीक्षा घरीच होते. काचेच्या ग्लासात पाणी घ्यायचं, गोळा सोडायचा आणि घड्याळ लावायचं. लगेच विरघळला तर गळ उघडा पडणार, तासभर दगडासारखा बसून राहिला तर माशाला त्याचा वासच लागणार नाही. हळूहळू सुटत जाऊन तळाशी भुग्याचं वर्तुळ पडायला हवं. पाण्यात एक चमचा कमी-जास्त झाला की वेळ बदलते. इथे तोच माणूस तोच गोळा पुन्हा बनवू शकतो, म्हणून हे माप खरं.

तसंच खोलीचं. गळाला शिशाचा जड तुकडा अडकवून टाकायचा. फ्लोट बुडाला तर दोरी आखूड, आडवा पडला तर लांब. सरकवत सरकवत नुसतं टोक दिसेल अशी खूण लागली की तळ सापडला. दोन हात डावीकडे टाकलं की पुन्हा मोजायचं, कारण धरणाच्या पोटात जुनी शेतं आहेत, बांध आहेत, पायवाटा आहेत. हे करताना डोळ्यांपुढे न दिसणारी जमीन हळूहळू उभी राहते. मला विचाराल तर गळ टाकण्यातलं निम्मं सुख यातच आहे. तिसरं माप गाठीचं. नायलॉनची दोरी आवळताना घासून तापते आणि तिथेच कमजोर होते, म्हणून गाठ थुंकीने ओली करून मगच ओढायची. मोठा मासा गाठ तुटून गेला तर तो काटा मी ‘माणूस’ या नावाने बिनतक्रार मान्य करतो.

एवढं झालं की माझं काम संपतं. पुढचा वेळ बघण्याचा. तळाचा मासा चारा उचलतो तेव्हा शिशाचं ओझं हलकं होतं आणि फ्लोट बुडण्याऐवजी वर येऊन आडवा होतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, दोरी सैल झाली. कधी माशाचं अंग नुसतं दोरीला घासून जातं आणि फ्लोट एकदा दचकून पुन्हा उभा राहतो. सायप्रिनस गाळ उकरत असला की बारीक बुडबुड्यांची रांग सरकत जाते. हे वाचता येऊ लागलं की रिकामा दिवस रिकामा वाटत नाही.

आमच्या घरचा एक नियमही माझ्या कामी आला. गुरुवार दत्ताचा, घरात मासा-मटण नाही. सुट्टी नेमकी गुरुवारी, त्यामुळे पकडायचा दिवस आणि न खायचा दिवस एकच. आईने सुरुवातीलाच सांगितलं, “जायचं तर जा बाबा, पण पिशवीतून काही घरात आणू नकोस.” म्हणून मी सोडून देतो. हात आधी ओले करायचे, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचा रोगापासूनचा बचाव. तापल्या कातळावर ठेवायचा नाही. पाण्यातच पोटाखाली हात धरायचा, तो स्वतःहून शेपटी मारेपर्यंत. घरी न्यायचं नाही म्हटल्यावर वजन करायचं कारणही उरत नाही. खडस लागला तर गुरुवार नसला तरी तो सोडायचा. लोणावळ्याला टाटांच्या वळवण केंद्रात गेली कित्येक दशकं या माशाची पैदास करून बीज तलावांत, नद्यांत सोडलं जातंय, ते आपल्या कढईसाठी नाही. आणि देहूच्या डोहातल्या माशांना तर परंपरेनेच अभय आहे. तिथे लोक माशांना खाऊ घालतात, गळ टाकत नाहीत.

अलीकडे दडपण विकतही मिळतं. पैसे भरून गळ टाकायला देणारी खासगी तळी निघाली आहेत. तिथे मासा भरपूर, पण डोक्यात पैसे वसूल करण्याचं मीटर चालू. मोबाईलवर रोज कोणीतरी छातीएवढा कटला धरून उभा असतो, आणि त्या फोटोमागचे रिकामे दिवस फोटोत येत नाहीत. मग चांगली काठी, महागडं रीळ, परदेशी चारा. वस्तू वाईट नाहीत, मीही काही घेतल्या आहेत. पण महाग काठी हातात आली की मासाही तिच्या किमतीचा हवा असं वाटू लागतं.

एक आकडा मात्र मी मनाला लावून घेतो, आणि तो माझ्या कसबाचा नाही. कार्प कुळातल्या माशाला लिटरभर पाण्यात साधारण ५ मिलिग्रॅम प्राणवायू असला की बरं. पवना रावेतच्या बंधाऱ्यापासून पुढे शहरात शिरते, तशी तिच्यात सांडपाण्याची भर पडत जाते. उन्हाळ्यात जलपर्णी पात्र झाकून टाकते. थेरगावच्या केजूदेवी बंधाऱ्यावर मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या येतात, आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस दिसतो. त्यात शहराचं सांडपाणी आहे आणि आम्हा कारखानेवाल्यांचं पाणीही आहे. शहरातल्या पात्रात मी गळ टाकत नाही. ‘किती किलो’ विचारणाऱ्यांनी हा आकडा विचारला तर मला आवडेल, कारण हे गेज बरोबर आहे आणि रिजेक्शन कोणाच्या खात्यावर टाकायचं तेही ठरवता येतं.

भामा आसखेडला एक वयस्कर भोई भेटतात. धरणांतली मासेमारी सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते, त्यामुळे गळ टाकण्याआधी विचारायचं, हा शिरस्ता. त्या निमित्ताने ओळख झाली. माझं हे बिनहिशोबी सुख त्यांच्यापुढे मांडायला मला जरा संकोच वाटायचा. माझी चूल पगारावर पेटते, त्यांची जाळ्यावर. त्यांना किलोच मोजावे लागतात, आणि त्यांच्यासाठी ते माप योग्यच. एका सकाळी ते जाळं आवरत होते, टोपलीत जेमतेम चार मृगळ.

“मामा, आज कमीच दिसतंय.”

“आजचं काय धरायचं, साहेब? पाऊस सरल्यापासून शिमग्यापर्यंत जे येतंय, ते आपलं. रोजचं धरलं तर माणूस येडा व्हईल.”

एका नगावरून लॉट पास किंवा फेल करू नये, हे आम्ही नव्या पोरांना ट्रेनिंगमध्ये शिकवतो. मामांना पोटासाठी आकडा लागतो, म्हणून त्यांनी तो पुरेसा मोठा नमुना घेऊन मोजायची सवय लावून घेतली आहे. मला तर तो लागतही नाही.