विजापूरचे घुमट आणि आमची दफनभूमी



विजापूर पाहायला जायचे म्हणजे दिवसभर कबरी पाहायच्या. आदिलशाहीची ही राजधानी १६८६ साली औरंगजेबाच्या हाती गेली. महाल बरेचसे ढासळले, राजांच्या कबरी मात्र उभ्या राहिल्या. बेळगावहून पहाटे चारला निघालेल्या आमच्या गाडीत एका व्यक्तीला हे जड जाणार, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. आमच्या मंडळीतल्या मावशींचे यजमान मागच्या पावसाळ्यात प्रभूकडे गेले. दफनभूमीत जागा उरलेली नाही म्हणून कमिटीने पक्क्या कबरी बांधणे बंद केले आहे. मातीचा उंचवटा आणि लाकडी क्रूस, एवढेच. मावशींनी तर संगमरवरी दगडासाठी पैसे साठवून ठेवले होते. तेव्हापासून त्या उपासनेला येतात, शेवटच्या बाकावर बसतात आणि आशीर्वाद झाला की कोणाशी न बोलता निघून जातात. कमिटीतले तिघेजण याच गाडीत होते.

गोलघुमट सकाळीच गाठला ते बरे झाले. उशीर केला की शाळांच्या सहली येतात आणि वरच्या सज्जात शिट्ट्या नि आरोळ्यांशिवाय काही ऐकू येत नाही. बाहेरून ४४ मीटर व्यासाचा घुमट, आणि आत त्याला टेकू द्यायला एकही खांब नाही. तरुण मंडळी कोपऱ्यातल्या मनोऱ्याच्या पायऱ्या चढून वर गेली. भिंतीला तोंड लावून एकाने हळूच स्तोत्राचा सूर धरला, तो पलीकडच्या टोकाला कानात बोलल्यासारखा ऐकू आला. मावशी गुडघ्यांमुळे खालीच थांबल्या. मधल्या चौथऱ्यावर १६५६ साली वारलेल्या मोहम्मद आदिलशहाची आणि त्याच्या कुटुंबीयांची कबर दिसते. गाइडने सांगितले, या नुसत्या खुणेच्या, खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत.

“म्हणजे इथंसुद्धा दगड एकीकडं आणि माणूस दुसरीकडं,” मावशी म्हणाल्या. सकाळपासूनचे त्यांचे हे पहिलेच वाक्य.

मुलूख-ए-मैदान तोफेवर हात फिरवून झाला, फोटो झाले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

इब्राहिम रोजा मात्र सावकाश पाहावा. इतकी नाजूक नक्षी आम्ही कुठे पाहिली नव्हती. ताज सुलताना राणीसाठी ही वास्तू बांधायला घेतली, पण दुसरा इब्राहिम आदिलशहाच आधी गेला, १६२७ साली. तिथल्या हिरवळीवर आम्ही भाकरी, शेंगाचटणी सोडली. जेवण झाल्यावर पाळकसाहेबांनी उत्पत्तीचा तेविसावा अध्याय काढला. सारा वारल्यावर अब्राहाम परक्या लोकांपुढे उभा राहून कबरेसाठी जागा मागतो, फुकट घेत नाही, चारशे शेकेल रुपे तोलून देतो. वचनदत्त देशात त्याच्या मालकीची झालेली पहिली जमीन ती, बायकोच्या कबरेची. आम्ही हा अध्याय कितीदा वाचला असेल, पण दगडी छताखाली झोपलेल्या त्या राजाराणीच्या शेजारी बसून ऐकताना अब्राहामाचे रडणेच आधी ऐकू आले.

कमिटीतले एक काका म्हणाले, “पण मोशेचं पाहा. एवढा मोठा संदेष्टा, त्याची कबर कुठं आहे कोणालाच ठाऊक नाही.”

मावशींनी डबा बंद केला. “मोशेला देवानं स्वतः पुरलं, काका. तुमच्या कमिटीनं नाही.”

कोणी हसले नाही. मग मावशी स्वतःच हसल्या आणि सगळ्यांना हसावे लागले. काकांनी त्यांना पाण्याची बाटली पुढे केली. हे दोघे कित्येक महिन्यांनी बोलत होते.

उन्हे उतरताना बारा कमान पाहिली. दुसरा अली आदिलशहा १६७२ साली वारला तेव्हा त्याच्या कबरेचे बांधकाम अर्धवटच होते, आणि ते तसेच राहिले. काळ्या दगडाच्या उंच कमानी, वर छप्पर नाही, मध्ये कबर, तिच्यावर उघडे आभाळ. गोलघुमटापेक्षा आम्हाला हीच जागा आवडली, का ते नीट सांगता येणार नाही. आमचा तारणारासुद्धा दुसऱ्याच्या कबरेत ठेवला गेला, अरिमथाईकर योसेफाच्या, तीही तीन दिवसांपुरती. पाळकसाहेब हे बोलले, पण मावशींकडे पाहून नाही, आणि ते आम्हाला बरे वाटले. ज्याचे माणूस मातीत आहे त्याला रिकाम्या कबरेची आठवण घाईने करून देऊ नये, असे आमचे मत आहे.

परतीच्या वाटेवर गाडीत अंधार होता. मावशी पुढच्या सीटवरच्या काकांना म्हणाल्या, “दगड नको. जागा कमी आहे, मलाही दिसतं. पण लाकडी क्रूस दोन पावसाळ्यांत कुजतो. मग ते कुठं आहेत हे माझ्या नातवाला कसं कळणार? आपली ती कुंपणाची भिंत आहे ना, तिच्यावर नावं लिहाल का? सगळ्यांचीच. ज्यांच्याकडं पैसे नव्हते त्यांचीही.”

काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी खिशातून वही काढली, मोबाईलचा उजेड धरला आणि सेक्रेटरींना विचारले, “पूर्वेकडची भिंत किती फूट असेल हो?”

“मोजावी लागेल,” सेक्रेटरी म्हणाले.

रविवारी उपासनेनंतर आम्ही टेप घेऊन जाणार आहोत. जुन्या नोंदवहीतून नावे उतरवायला हात हवे आहेत. ज्यांचे अक्षर चांगले आहे त्यांनी जरूर यावे.