शिवेतल्या वाटा

बडोद्यातील जुन्या मराठी घरांत व्यायाम या शब्दाचा अर्थ आखाडा असाच होत आला आहे. जुम्मादादांच्या आणि पुढे राजरत्न प्रो. माणिकरावांच्या तालमीत घडलेल्या पिढ्यांच्या कथा आपण लहानपणापासून ऐकल्या. जोर, बैठका, मल्लखांब, लाठी, लेजीम हे शब्द घरातल्या बायकांच्याही तोंडी असत. याच शहरात द. चिं. मजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. ही सारी परंपरा मोठी. पण ती बहुतांशी चार भिंतींच्या आतली, हौद्यातल्या तांबड्या मातीची. आखाड्यात माणूस एका जागी राहून घाम गाळतो. धावणे माणसाला गावाबाहेर नेते. आणि गावाबाहेर काय आहे याची चौकशी आपण फारशी केलेली नाही.

१७३४मध्ये बडोदे गायकवाडांच्या हाती कायमचे आले. तेव्हापासून आपली घरे रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा या परिघात रुजली. खेडे आपल्यापर्यंत आले ते जमाबंदीच्या आकड्यांतून, कमाविसदाराच्या कागदांतून आणि उन्हाळ्यात दारी उतरणाऱ्या तुरीच्या पोत्यांतून. १८९२मध्ये आजव्याचे पाणी नळाने शहरात आले, तेही खेड्यांच्या शिवा ओलांडूनच. पण त्या पाण्याच्या उलट दिशेने चालत जाण्याची गरज आपल्याला कधी वाटली नाही.

साठी ओलांडल्यावर मला चालण्याचा सल्ला मिळाला. चालता चालता मी सावकाश धावू लागलो. शहरातल्या बागेतील फेऱ्यांचा कंटाळा आला, तेव्हा एका स्नेह्यांच्या शेतावर मुक्काम करून अंकोडियाच्या पंचक्रोशीत पाय मोकळे करण्याचा परिपाठ सुरू झाला. शेवासीहून अंकोडिया, तेथून सिंधरोट आणि पुढे महीचा काठ, ही माझी मुख्य वाट. तिला फुटणारे फाटे पुष्कळ आहेत.

धावणाऱ्याला प्रथम माती कळते. महीच्या बाजूची माती गोराडू, म्हणजे हलकी आणि वालुकामय. पाऊस थांबला की एक-दोन दिवसांत तीवर पाय ठरतो. डभोई-करजणकडील कानम प्रदेशाची माती काळी. पावसाळ्यात ती बुटाला अशी धरते की दर पावलागणिक पाय जड होतो. वैशाखात तिला पाऊल अडकेल अशा भेगा पडतात. तो कापसाचा मुलूख. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२मध्ये, डभोई ते मियागाम हा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग सुरू झाला आणि त्यावरची गाडी आरंभी बैलांनी ओढली. लहानपणी ही हकीकत मला गमतीची वाटे. त्या मातीतून श्रावणात एकदा अर्धा कोस धावल्यावर रुळांचे मोल पायांनी समजावले.

गोराडू मातीच्या मुलखातली खरी दौलत म्हणजे नेळियुं. या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द मला सापडलेला नाही. दोन्ही बाजूंना थोराची कुंपणे आणि मधून गाडीवाट. चाकांनी भुगा केलेली माती पावसाने वाहून जाते आणि वाट हळूहळू शेतांच्या पातळीखाली उतरते. कुठे कुठे ती पुरुषभर खोल असते. वर वेलींची गुंफण होते. आठ वाजता बाहेर ऊन लागू लागले, तरी आत पहाटेचा गारवा टिकलेला असतो. तळाची माती पिठासारखी मऊ असल्याने गुडघ्यांना धक्का बसत नाही. कोणा अभियंत्याने न आखलेली ही धावपट्टी कैक पिढ्यांच्या बैलगाड्यांनी घडवली आहे.

महीची कोतरे याहून निराळी. पावसाच्या पाण्याने गाळाची माती कापून केलेल्या त्या घळींत पायवाट दर वर्षी बदलते. मागच्या पौषातली वाट या पौषात असेलच असे नाही. गांड्या बाभळीचा काटा बुटाचा तळ भेदून आत येतो. रोझांचा कळप अचानक समोरून उधळतो. शेतावरचा कुत्रा अंगावर आला तर धावणे थांबवून शांत उभे राहावे, एवढी विद्या तेथे लवकर प्राप्त होते.

या वाटांवर मला अनेकदा जासुदांची आठवण येते. मराठेशाहीच्या कागदांत ‘जासूद जोडी’ हे शब्द वारंवार भेटतात. पत्राची थैली घेऊन दोघे निघत. वाटेत एकाला काही झाले तर दुसऱ्याने ती पुढे न्यावी, ही सोय उघड आहे. कुठल्या ओढ्याला उतार कुठे, कुठल्या विहिरीचे पाणी गोड, हे सारे त्यांच्या पायांना पाठ असणार. पत्र लिहिणारे आणि वाचणारे इतिहासात नावानिशी राहिले. वाट जाणणारे मात्र केवळ ‘जोडी’ म्हणून उरले. आपण बहुतेक त्या लिहिणाऱ्यांचे वंशज आहोत.

एका सकाळी तमाकूच्या शेतातून एका शेतकऱ्याने हाक मारली, “काका, कोई पाछळ पड्युं छे?” मी हसून थांबलो. पुढचा प्रश्न अपेक्षित होता, “तमे कया गामना?” मी ‘वडोदराना’ म्हणालो. त्याने माझे गुजराती ऐकले आणि विचारले, “ए तो खरुं, पण मूळ?” तीन शतके या मुलखाचे अन्न खाऊनही हा प्रश्न आपल्याला विचारला जातो. त्यात कुचकेपणा नव्हता. गावाच्या शिवेत पूर्वी न दिसलेला माणूस दिसला, तर असेच विचारायचे असते.

पुढे आमची ओळख वाढली. त्याच्या शेतालगतच्या नेळियुंवर डांबर पडणार असे कळले, तेव्हा मी हळहळ व्यक्त केली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “काका, माझी आई भर पावसात आजारी पडली, त्या रात्री गाडी आत येईना. चौघांनी तिला खाटेवर घालून याच नेळियुंतून नेले. पाणी मांडीपर्यंत होते.” आई वाचली का, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. त्यानेही सांगितले नाही.

त्या उत्तरावर मी पुष्कळ दिवस विचार केला. माझ्या गुडघ्यांना मऊ माती हवी म्हणून त्याच्या घरच्यांनी खाटेवरून जावे, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? पण दुसरी बाजूही खोटी नाही. २०२०मध्ये शेवासी, भायली, वेमाली, बिल यांसारखी गावे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. आजाऱ्यासाठी केलेला रस्ता थोड्याच दिवसांत भूखंड विकणाऱ्याच्याही उपयोगी पडतो. मग थोर जातो, भिंत येते आणि शेताचे नाव पुसून तेथे इमारतीचे नाव लागते. डांबर आले म्हणून खंत नाही. डांबराबरोबर शेतकरीच निघून जातो, याची आहे.

आज ती वाट डांबरी आहे. दक्षिणेकडचे कुंपण रुंदीकरणात गेले. उत्तरेकडचे त्या शेतकऱ्याने राखले आहे. माझ्या हळहळीमुळे नव्हे, तर तुरीत रोझ शिरू नयेत म्हणून. त्याची शेती आहे तोवर थोर आहे, आणि थोर आहे तोवर वाटेच्या त्या कडेने मऊ मातीची हातभर पट्टी आहे. मी त्या पट्टीवरून धावतो.

वाचकांपैकी ज्यांचे पाय चालते आहेत त्यांनी मार्गशीर्ष ते माघ या दिवसांत, ऊन चढण्यापूर्वी, एकदा त्या बाजूला जावे. धावलेच पाहिजे असे नाही. पाणी बरोबर घ्यावे, पिकातून जाऊ नये, आणि बांधावर कोणी दिसले तर आपण होऊन ‘जे श्रीकृष्ण’ म्हणावे. ‘मूळ कुठले’ असे कोणी विचारले, तर सावकाश बसून सांगावे. आणि मग त्या शेताचे नाव विचारून घ्यावे.